देवमासा लिहायचं, व्हेल की तिमिंगल? आणि मासा नसताना मासा का म्हणायचं?

तुम्ही डिचोलीला मराठी शाळेत शिकवता, विज्ञान प्रदर्शनासाठी समुद्रातल्या प्राण्यांचे फलक करायला घेतलेत आणि पहिल्याच फलकावर अडलात. पुस्तकात देवमासा, यूट्यूबवर व्हेल, जुन्या शब्दकोशात तिमिंगल, आणि वर्गातल्या मुलीनं विचारलं की बाई तो मासा नाही असं तुम्हीच शिकवलं मग नावात मासा कशाला, नाव चुकीचं आहे का. वर व्हेल हा शब्द मुळात कुठला आणि देवमाशातला देव कुठून आला तेही तुम्हाला हवंय. मी गोव्यात बरीच वर्षं असला मजकूर मराठीत आणायचं आणि तपासायचं काम करतो, शाळेची पुस्तकं, फलक, किनाऱ्यावरच्या सूचना वगैरे, त्यामुळं या तीन शब्दांशी सारखी गाठ पडते. म्हणून जरा लांबलचक लिहितो.

तुमच्या प्रश्नात खरं तर दोन प्रश्न एकमेकांत अडकलेत. एक, फलकावर कुठला शब्द लिहायचा. त्याचं उत्तर फलक कोण वाचणार आणि वाचून काय करणार यावर आहे, सगळीकडे चालेल असा एकच शब्द मी सांगू शकत नाही. दुसरा प्रश्न त्या मुलीचा आणि तो जास्त महत्त्वाचा आहे: वस्तूचं नाव म्हणजे तिची व्याख्या असते का? हा सुटला की पहिला आपोआप सोपा होतो, म्हणून आधी तोच घेऊ.

त्या मुलीला घरचंच उदाहरण द्या. आपल्याकडे गोव्यात घरी कोंकणीत बोलताना मासळीला नुस्तें म्हणतात. आई बाजारातनं नुस्तें घेऊन आली म्हणजे पिशवीत बांगडे असतील, सुंगटां म्हणजे कोळंबी असेल, माणक्यो म्हणजे स्क्विड असतील, तिसऱ्यो म्हणजे शिंपल्या पण असतील. यातला मासा फक्त बांगडा. सुंगटां खेकड्याच्या गोतावळ्यातली, माणकी आणि तिसरी दोन्ही मृदुकाय, म्हणजे गोगलगायीच्या बाजूची. तरी कोणी आईला चुकीचं म्हणत नाही कारण नुस्तें हा शब्द ताटातल्या जेवणावरून पडलाय, शरीराच्या रचनेवरून नाही. तारामासा घ्या, तोही मासा नाही. पाणघोडा तर घोडा नाहीच, आणि गंमत म्हणजे आज जिवंत असलेल्या प्राण्यांत देवमाशाचा सगळ्यात जवळचा नातलग हाच पाणघोडा! म्हणजे मासा नसलेल्या देवमाशाचा चुलतभाऊ घोडा नसलेला पाणघोडा. हे मुलांना सांगितलं की लगेच लक्षात राहतं, करून बघा.

आता व्हेल या शब्दाकडे. लोकांना वाटतं की इंग्रजी शब्द म्हणजे शास्त्रीय आणि आपला म्हणजे भाबडा. तसं अजिबात नाही. जुन्या इंग्रजीत हा शब्द साधारण ह्वॅल असा होता, आधी ह आणि मग व. पुढे लिहिताना ती दोन अक्षरं उलटी झाली आणि बहुतेक ठिकाणी बोलण्यातून ह गेलाच. हिंदीत ह्वेल लिहितात तो खरं तर जुन्या उच्चाराच्या जास्त जवळ पोचतो, आपण व्हाइट, व्हील, व्हिस्कीच्या चालीवर व्हेल लिहितो. हा शब्द जर्मानिक भाषांचा सामायिक आहे, डॅनिश आणि स्वीडिशमध्ये व्हाल, आइसलँडच्या भाषेत क्वालुरसारखा उच्चार, जर्मनमध्ये वाल. लॅटिनमधल्या स्क्वालुस या एका मोठ्या समुद्री माशाच्या नावाशी त्याचं नातं असावं असं काही अभ्यासक मानतात.

पण त्या ह्वॅलचा अर्थ काय होता ते बघा. नवव्या शतकाच्या शेवटी ओहथेरे नावाचा नॉर्वेचा एक दर्यावर्दी इंग्लंडच्या आल्फ्रेड राजाला भेटला आणि उत्तरेच्या समुद्राची हकिगत सांगितली, ती लिहून ठेवलेली आहे. त्यात वॉलरसला, म्हणजे त्या दोन लांब सुळ्यांच्या प्राण्याला, हॉर्सह्वॅल म्हटलंय, घोडा-व्हेल. म्हणजे तेव्हा त्या शब्दात समुद्रातलं कुठलंही अगडबंब जनावर बसत होतं. आणि जर्मन लोक आजही बोलताना सर्रास वालफिश म्हणतात, डच लोक वाल्विस म्हणतात, फिश आणि विस म्हणजे मासाच! म्हणजे देवमासा शब्दाची बांधणी जशी आहे अगदी तशीच. जर्मनीत शास्त्राच्या पुस्तकात नुसतं वाल लिहितात, घरी वालफिश, आणि दोन्ही शब्द सुखानं नांदतायत.

तिकडे ग्रीकांचा केतोस म्हणजे समुद्रातला राक्षस. त्यावरून लॅटिनमध्ये केतुस आणि त्यावरून आज शास्त्रात देवमासे, डॉल्फिन आणि डॉल्फिनसारखेच दिसणारे पॉर्पॉइज या सगळ्यांच्या गटाला सिटेशिया म्हणतात. म्हणजे ज्याला आपण कडक शास्त्रीय नाव समजतो त्याच्या पोटात राक्षस बसलाय. दुसरा लॅटिन शब्द बालाएना, त्यावरून पोर्तुगीज बालेया, गोव्यात पोर्तुगीज शिकलेल्या पिढीतलं घरात कोणी असेल तर त्यांना विचारा, त्यांना तो शब्द माहीत असणार. फ्रेंचचा बालेन तिथूनच आणि इंग्रजीतला बेलीन म्हणजे काही देवमाशांच्या तोंडात दातांऐवजी असते ती झालर, तोही त्याच घरातला.

आपल्याकडचा तिमिंगल. मूळ संस्कृत तिमि म्हणजे मोठा समुद्री मासा, आणि तिमिंगिल म्हणजे तिमीला गिळणारा. पुढे तिमिंगिलालाही गिळणारा तिमिंगिलगिल असाही शब्द संस्कृतात आहे, म्हणजे प्रत्येक मोठ्याहून मोठा कोणीतरी खाली आहेच अशी समुद्राची कल्पना. बंगालीत आजही तिमि हाच रोजचा शब्द, आणि इथनं गोव्याच्या हद्दीवरचं पोळे ओलांडून कारवारला गेलात की कन्नडमध्ये तिमिंगिल. मराठीत मात्र तो पुस्तकातच राहिला, आकाशातल्या सीटस तारकासमूहाला आपण तिमिंगल म्हणतो तेवढाच काय तो वापरात आहे.

एक गोष्ट मात्र फलकावर नक्की घ्या असं मी आग्रहानं म्हणेन. कालिदासाच्या रघुवंशात तेराव्या सर्गात राम लंकेहून परत येताना पुष्पक विमानातून सीतेला समुद्र दाखवतो. तिथं एक श्लोक तिमींचा आहे. हे तिमी आ वासून नदीच्या मुखाजवळचं पाणी आतल्या जीवांसकट तोंडात घेतात, तोंड मिटतात, आणि डोक्याला असलेल्या छिद्रांतून पाण्याच्या धारा वर उडवतात, असा त्याचा अर्थ. परत एकदा सावकाश वाचा. डोक्यावर छिद्र, त्यातून उडणारा फवारा, उघडं तोंड, पाण्यासकट भक्ष्य आत घेणं. हे माशाचं वर्णन असूच शकत नाही, कुठल्याच माशाला डोक्यावर फवारा उडवणारं छिद्र नसतं. ज्या कोणाच्या पाहण्यावरून हे कवितेत आलं त्यानं झालरवाला देवमासा चरताना नीट बघितला होता असं माझं ठाम मत आहे. फक्त एक जोड चुकलीय, तोंडातलं पाणी डोक्यातून बाहेर पडतं ही. प्रत्यक्षात देवमाशाचा श्वासाचा मार्ग आणि तोंड वेगळं असतं, पाणी तो झालरीतून गाळून तोंडानंच बाहेर ढकलतो आणि बारीक मासे, कोळंबीसारखे जीव आत राहतात. वर उडतो तो उच्छ्वास, आतली गरम दमट हवा जोरात बाहेर पडून तिचा फवारा दिसतो. हे दोन भाग शेजारी शेजारी मांडा, डावीकडे श्लोकाचा अर्थ, उजवीकडे आजची माहिती. मुलं काय बरोबर काय चुकलं ते स्वतः शोधतील आणि संस्कृतच्या बाईही खूश होतील.

देवमासा मधल्या देवाबद्दल विचारलंत. एवढ्या मोठ्या आणि समुद्रावर पोट असलेल्या माणसाला क्वचित दिसणाऱ्या जीवाला आदराचं नाव पडणं हे फक्त आपल्याकडेच नाही. व्हिएतनामचे कोळी व्हेलला का ओंग म्हणतात, का म्हणजे मासा आणि ओंग हे आजोबांना, वडीलधाऱ्यांना आदरानं हाक मारायचा शब्द. मेलेला व्हेल किनाऱ्याला लागला तर ते रीतसर अंत्यविधी करतात आणि हाडं देवळात ठेवतात. तिकडे मासा-आजोबा, आपल्याकडे देव-मासा. ज्या लोकांनी हे नाव दिलं त्यांना तो पापलेट-सुरमईसारखा मासा वाटत नव्हता हे त्या देव शब्दातच दिसतं.

बरं मग मासा नाही हे कधी ठरलं? ॲरिस्टॉटलनं डॉल्फिन हवेत श्वास घेतात आणि पिल्लांना दूध पाजतात हे लिहून ठेवलं होतं, तरी पुढची दीड-दोन हजार वर्षं सगळे त्यांना मासेच म्हणत राहिले. सजीवांचं वर्गीकरण करणाऱ्या लिनिअस या स्वीडिश शास्त्रज्ञानं सुद्धा आधी व्हेल माशांतच घातले होते, त्याच्या ग्रंथाच्या 1758 च्या आवृत्तीत त्यांना सस्तन प्राण्यांत नेलं. त्यानंतरही भांडण मिटलं नाही. न्यूयॉर्कमध्ये 1818 साली चक्क खटला झाला. माशाच्या तेलाची सरकारी तपासणी करून घ्यावी असा कायदा होता, एका मेणबत्तीवाल्यानं व्हेलच्या तेलाची पिंपं तपासणीशिवाय घेतली आणि म्हणाला व्हेल मासा नाही तर हे माशाचं तेल कसं. त्या काळातले मोठे निसर्गशास्त्रज्ञ सॅम्युएल मिचेल साक्षीला आले, व्हेल सस्तन आहे असं सांगितलं, आणि ज्युरीनं निकाल दिला की व्हेल हा मासाच! म्हणजे इंग्रजी बोलणारेही दोनशे वर्षांपूर्वी तुमच्या वर्गातल्या मुलीच्याच प्रश्नावर अडले होते. पुढं त्यांनी शब्द बदलला नाही, व्हेल तोच ठेवला, फक्त त्याच्यामागची माहिती बदलली. मला वाटतं देवमासा शब्दाचंही हेच करावं. शब्द चांगला आहे, रुळलेला आहे, माहिती नवी भरा.

तर आता फलकावर काय. शाळेच्या फलकावर मथळा देवमासा लिहा, खाली पहिल्या वाक्यात एकदा व्हेल येऊ द्या म्हणजे इंटरनेटवर शोधणाऱ्या मुलाला दोन्ही एकच आहेत हे कळेल, आणि तिमिंगल त्या रघुवंशाच्या चौकटीत. जातींची नावं लिहिताना निळा देवमासा, कुबड देवमासा (इंग्रजीत हम्पबॅक) असं बिनधास्त लिहा. ज्यांना मराठीत सरळ अर्थ लागत नाही तिथं स्पर्म व्हेल असं उचलूनच घ्या, ओढून ताणून भाषांतर नको, ते नाव मुळात त्याच्या डोक्यातल्या मेणासारख्या पदार्थाबद्दलच्या एका जुन्या गैरसमजातून पडलंय. व्हेल मासा हा जोड मात्र मी कुठंही ठेवत नाही. देवमासा मध्ये मासा हा शब्दाचा अवयव आहे, तो वेगळा काढता येत नाही, पण व्हेल पुढं मासा आपण आपल्या हातानं नव्यानं चिकटवतो, आणि मग ते सुप्रसिद्ध वाक्य जन्माला येतं, व्हेल मासा हा मासा नसून सस्तन प्राणी आहे. हे वाक्य माझ्याकडं आलं की मी असं करतो: देवमासा समुद्रात राहतो पण श्वास आपल्यासारखा हवेतला घेतो, त्यासाठी त्याला पाण्यावर यावंच लागतं. मादी पिल्लाला जन्म देते आणि दूध पाजते, म्हणून तो सस्तन प्राणी. यात नसून हा शब्दच लागत नाही आणि मुलाला कारणही मिळतं. जागा असेल तर शेपटीचं घाला, माशाची शेपटी उभी असते आणि डावी-उजवी हलते, देवमाशाची आडवी असते आणि वर-खाली हलते. चित्रात हे एका नजरेत दिसतं.

एक ठिकाण मात्र असं आहे जिथं नावातल्या मासा मुळं खरंच नुकसान होऊ शकतं, ते म्हणजे किनाऱ्यावर जिवंत देवमासा किंवा डॉल्फिन लागतो तेव्हा. 2015 च्या जूनमध्ये रेवदंड्याला निळा देवमासा किनाऱ्याला लागला आणि गेला, 2023 च्या नोव्हेंबरात गणपतीपुळ्याला देवमाशाच्या पिल्लासाठी लोकांनी दिवसरात्र धडपड केली तेही सगळ्यांना आठवत असेल. अशा वेळी गर्दीतला चांगल्या मनाचा माणूस काय करतो, मासा आहे, पाण्याविना तडफडतोय म्हणून बादलीनं डोक्यावर पाणी ओततो. ते पाणी श्वासछिद्रात गेलं तर तो गुदमरतो. त्याला पाणी हवं असतं ते कातडी ओली आणि गार राहायला, कारण चरबीचा जाड थर असल्यामुळं तो उन्हात आतून तापतो, आणि जमिनीवर स्वतःच्याच वजनाखाली त्याची फुप्फुसं दबतात. म्हणून किनाऱ्यावरच्या सूचनेत मी देवमासा हाच शब्द ठेवतो, कारण रापणकारापासून, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या कोळ्यापासून, पर्यटकापर्यंत सगळ्यांना तो कळतो, पण लगेच पुढच्या ओळीत लिहितो की हा हवेत श्वास घेतो, डोक्यावरच्या छिद्रात पाणी किंवा वाळू जाऊ देऊ नका, शेपटी धरून ओढू नका, गर्दी लांब ठेवा आणि वनखात्याला कळवा. तुमच्या फलकात एवढ्या चार ओळी आल्या तर फार बरं होईल, डिचोलीची मुलं पण सुट्टीत समुद्रावर जातातच.

आणि हे काही लांबच्या समुद्रातलं प्रकरण नाही हेही मुलांना कळू दे. अरबी समुद्रात कुबड देवमाशांचा एक वेगळा समूह राहतो, बाकीचे कुबड देवमासे ध्रुवाकडं आणि परत असा हजारो किलोमीटर प्रवास करतात, हे मात्र इथंच राहतात आणि फार थोडे उरलेत. 2017 च्या शेवटी ओमानला उपग्रहाचा टॅग लावलेली त्यांच्यातली लुबान नावाची मादी अख्खा अरबी समुद्र ओलांडून गोव्याच्या समोर आली आणि मग केरळकडं खाली गेली. आणि मागं बघायचं तर देवमाशांच्या पूर्वजांचे पाच कोटी वर्षांच्या आसपासचे जीवाश्म पाकिस्तानात मिळालेत, कच्छमध्ये मिळालेत, एकाचं नावच कुचिसीटस आहे, कच्छचा केतोस. चार पायांवर चालणाऱ्या प्राण्यांचा देवमासा व्हायला सुरुवात झाली ती आपल्या उपखंडाच्या किनाऱ्यावर, हे फलकावर मोठ्या अक्षरात लिहा.

आता व्हेल शब्दाच्या काही सापळ्यांबद्दल, कारण प्रदर्शनात कोणीतरी विचारणारच. व्हेल शार्क हा देवमासा नाही, तो शार्क, म्हणजे खराखुरा मासा, कल्ल्यांनी श्वास घेणारा, माशांतला सगळ्यात मोठा. नावातला व्हेल फक्त आकारासाठी. गुजरातच्या किनाऱ्यावर पूर्वी त्याला बॅरल म्हणत आणि मारत, 2001 साली त्याला कायद्यानं संरक्षण मिळालं आणि 2004 पासून व्हाली, म्हणजे लाडकी, असं नाव देऊन मोहीम झाली, आज तिथले मच्छीमार जाळं कापून त्याला सोडतात. किलर व्हेल उलट्या बाजूनं फसवतो, तो डॉल्फिनच्या कुळातला आहे, त्याला ऑर्का लिहा. पायलट व्हेलही डॉल्फिनच्याच कुळातले.

तिसरा सापळा बातम्यांमधला, व्हेल माशाची उलटी. तस्करीच्या बातमीत हे हमखास येतं. तो पदार्थ अंबरग्रिस, अरबी अंबर वरून आलेलं नाव, आणि तो स्पर्म व्हेलच्या आतड्यात तयार होतो. हा देवमासा माणक्यांसारखे स्क्विड खातो, त्यांच्या टणक चोची पचत नाहीत, त्यांच्याभोवती हा पदार्थ साठत जातो. आतड्यातला असल्यामुळं तो बहुतेक विष्ठेबरोबर बाहेर पडत असावा, तोंडातून नाही. तेव्हा उलटी हा शब्द काढून सरळ अंबरग्रिस लिहा, आणि मुलांना हेही सांगा की भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळं त्याचा व्यापार गुन्हा आहे, किनाऱ्यावर सापडला तरी उचलून विकायचा नाही.

मोठी मुलं असतील तर व्हेलचा तिसराच अर्थ काढतील. कॅसिनोत प्रचंड रक्कम लावणाऱ्या गिऱ्हाईकाला व्हेल म्हणतात, मांडवीतल्या बोटींमुळं पणजीत हा शब्द कानावर पडतो, आणि क्रिप्टोवाले ज्याच्या हातात ढीगभर नाणी आहेत त्याला व्हेल म्हणतात. इथं देवमासा चालत नाही, देवपण कुठं लावणार, मराठीत बडा मासा हा तयार शब्द आहे तो वापरावा.

शेवटचं, फलक रंगवणाऱ्याला आधीच लिहून द्या. देवमासा, देवमासे, पण विभक्ती लागली की देवमाशाला, देवमाशाचं, देवमाशांचे. स चा श होतो आणि त्याला य जोडायचा नाही, ससा-सशाला, घसा-घशाला, पैसा-पैशाला तसंच. देवमाश्याला असं रंगवलेलं मी फार ठिकाणी बघितलंय आणि एकदा ऑइल पेंटनं लिहिलं की पुसता येत नाही.